पेण-रोहें प्रांतींच्या खारजमिनी व भूमीची धारणाशक्ति

कोणत्याही प्रांताचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे तेथें राज्य कोणाचें होतें हें आपण प्रथम विचारतों. माणसें किती होतीं व तीं कशावर जगत होतीं, हें सहसा विचारीत नाहीं. सनदा, महजर व करीने यांच्या शोधांत आयुष्य घालविलेल्या संशोधकासही हा प्रश्न शेवटीं सुचतो, आणि सुचला तरी त्याचें उत्तर शिरगणतीच्या कोष्टकांत आहे असें समजून तो अर्थशास्त्र्यांवर सोपविला जातो. एखाद्या भूमीनें किती माणसें पोसावीं यास मर्यादा आहे काय, आणि असल्यास ती भूमि ठरविते कीं भूमीवरील माणसें ठरवितात, याचा विचार या लेखांत पेण व रोहें या दोन तालुक्यांच्या आधारें करावयाचा आहे. हे तालुके पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांतले. त्या जिल्ह्यास १९८१ पासून रायगड म्हणतात. ते निवडण्याचें कारण असें कीं, येथील पिकाऊ भूमीचा एक मोठा भाग निसर्गानें दिलेला नसून माणसांनीं समुद्रापासून हिरावून घेतलेला आहे.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांस हा प्रश्न अपरिचित नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत आरंभींच जनपदनिवेशाचा विचार आहे. नवा गांव वसवितांना त्यांत शंभरांहून कमी व पांचशांहून अधिक कुळें नसावींत, गांवाची शीव कोस दोन कोसांपर्यंत असावी, व गांवांनीं परस्परांचें रक्षण करावें, असा तेथील आशय आहे. या गांवांस वस्ती कोठून आणावयाची? परदेशांतून लोक आणून, किंवा स्वदेशांत जेथें वस्ती ऊतूं जात असेल तेथील जादा लोक काढून. या दुसऱ्या प्रकारास त्यानें अभिष्यंदवमन असा शब्द योजिला आहे. अभिष्यंद म्हणजे पात्र भरून वाहूं लागणें, व वमन म्हणजे तें बाहेर टाकणें. कालिदासानें कुमारसंभवाच्या सहाव्या सर्गांत हिमालयाच्या ओषधिप्रस्थ नगराचें वर्णन करितांना हाच शब्द घेतला आहे. स्वर्गांतील जादा वस्ती काढून जणूं तें नगर वसविलें, अशी त्याची उत्प्रेक्षा आहे. राजनीतीचा रुक्ष शब्द काव्यांत किती शोभतो हें रसिकांनीं पाहावें. आम्हांस येथें महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. कौटिल्य वरची मर्यादा सांगतो तशी खालचीही सांगतो. पांचशें हा आंकडा वाचकाच्या ध्यानांत राहतो. शंभर हा आंकडा कशासाठीं घातला, हें विचारण्याचें त्यास भान राहत नाहीं.

पाश्चात्यांमध्यें ही चर्चा माल्थसच्या १७९८ च्या निबंधानें गाजली. अन्नाच्या वाढीपेक्षां माणसांची वाढ वेगानें होते, व ती अखेर दुष्काळ, रोगराई आणि दैन्य यांनीं आंवरली जाते, असें त्याचें प्रतिपादन. १८३८ त बेल्जममधील व्हेरहुल्स्ट या गणितज्ञानें त्यास सूत्राचें रूप दिलें: वस्ती प्रथम झपाट्यानें वाढते, मर्यादा जवळ येतांच वाढ मंदावते, व पुढें ती स्थिर होते. विसाव्या शतकांतील जीवशास्त्रज्ञांनीं हरणें, मासे, कुरणांतील गुरें यांस हाच विचार लावून त्या वरच्या मर्यादेस जें नांव दिलें, त्याचें मराठींत धारणाशक्ति किंवा धारणक्षमता असें भाषांतर होतें. तो इंग्रजी शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा आहे. गलबतांत माल किती मावतो या अर्थीं तो प्रथम रूढ होता. आमच्या कोंकणच्या बंदरांतही गलबतें खंडीवर मोजीत, आणि शेताचें पीकही खंडीवरच सांगत. वीस मणांची खंडी दोहोंस एकच. तथापि गलबत आणि शेत यांत एक मोठा भेद आहे. गलबतावर माणसें अधिक चढलीं म्हणून गलबत मोठें होत नाहीं. खारेपाटांतलें शेत मात्र माणसें अधिक असलीं तरच शेत म्हणून टिकतें. हा भेद माल्थसच्या वाचकांस समजावून सांगावयाचा तर त्यांस पेणच्या खाडीवर आणावें लागेल.

आतां आंकडे पाहूं. १८८३ सालीं निघालेल्या मुंबई गॅझेटियरच्या अकराव्या भागांत कुलाबा जिल्ह्याचें क्षेत्र १,४९६ चौरस मैल व १८८१ ची लोकसंख्या ३,८१,६४९ दिली आहे. म्हणजे दर चौरस मैलास २५५ माणसें. १९०१ च्या शिरगणतींत पेण तालुक्याच्या २९३ चौरस मैलांत ७६,५५९ आणि रोहें तालुक्याच्या २०३ चौरस मैलांत ४७,७८० माणसें भरलीं. नागोठणें त्या वेळीं पेणकडे होतें व आज तें रोह्याकडे आहे. म्हणून दोन्ही तालुके एकत्र घेणें बरें. बेरीज ४९६ चौरस मैल व १,२४,३३९ माणसें, म्हणजे मैलास सुमारें २५१. २०११ च्या जनगणनेंत पेण तालुक्यांत १,९५,४५४ व रोहें तालुक्यांत १,६७,११० मिळून ३,६२,५६४ माणसें झालीं. क्षेत्र तेंच धरल्यास मैलास सुमारें ७३० पडतात. एकशें दहा वर्षांत वस्ती जवळजवळ तिप्पट झाली.

परंतु मैलागणिक माणसांचें हें मान फसवें आहे. मैल सर्व सारखे नसतात. पेणजवळच्या सांकशीच्या किल्ल्यावरून किंवा रोह्याजवळच्या अवचितगडावरून पाहिल्यास भूमीचे तीन थर स्पष्ट होतात. मागें डोंगर व रान. त्याच्या पायथ्याशीं गोड्या भातशेतीची पट्टी. आणि त्यापुढें खाडीपर्यंत पसरलेला सपाट खारेपाट. या तिन्ही थरांची धारणाशक्ति निरनिराळी आहे, इतकेंच नव्हे तर ती निरनिराळ्या कारणांनीं ठरते.

डोंगराचें प्रथम सांगतों. उतारावर नाचणी व वरी पिकते, पण कांहीं थोडीं पिकें काढलीं कीं त्या वरकस जमिनीस अनेक वर्षें विश्रांति द्यावी लागते. म्हणून एका कातकरी कुटुंबास आज जितकी जमीन नांगरास वा कुदळीस लागते, तिच्या कित्येक पट जमीन पडीत असावी लागते. मैदानांतल्या माणसास ती पडीत ओसाड दिसते. वस्तुतः ती पुढच्या वर्षांची शिल्लक असते.

गोड्या भातशेतीचेंही जीवित याच डोंगरावर अवलंबून होतें. रोपें करण्यापूर्वीं दाढीच्या जमिनीवर शेण, टाहळ, पाला व गवत पसरून ती भाजावयाची, यास राब म्हणतात. एका खाचरामागें किती झाडें खांडावीं लागतील याचा हिशेब प्रत्येक कुणब्याच्या डोक्यांत असे. १८७८ च्या कायद्यानें रानें सरकारच्या बंदोबस्तांत गेलीं तेव्हां हा हिशेब एकाएकीं मोडला, व ठाणें आणि कुलाबा या जिल्ह्यांत इतका असंतोष माजला कीं सरकारास १८८५ त चौकशीसाठीं जंगल कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ त झाला. त्या वादांत एका बाजूस राबाशिवाय भात नाहीं असें म्हणणारे शेतकरी, व दुसऱ्या बाजूस राबानें रान नाहींसें होईल असें म्हणणारे जंगलखात्याचे अधिकारी होते. माझ्या मतें दोघेही खरें बोलत होते. गोड्या शेताची धारणाशक्ति शेतांत नसून शेजारच्या डोंगरांत होती. शेतें वाढलीं, डोंगर वाढला नाहीं. येथपर्यंत माल्थस चुकलेला नाहीं.

खारेपाटाची गोष्ट याहून अगदीं निराळी. धरमतरची खाडी, तिला मिळणारी अंबा, पेणची भोगावती, आणि दक्षिणेस रेवदंड्यास समुद्रास मिळणारी कुंडलिका, यांच्या मुखांकडे दोन्ही वेळच्या भरतीनें चिखल साठून खाजण तयार होतें. उन्हाळ्यांत त्या खाजणाभोंवतीं मातीचा बांध घालावयाचा, लाटेच्या अंगास दगड बसवावयाचे, आणि ठिकठिकाणीं उघाड्या ठेवावयाच्या. उघाडीची युक्ति साधी परंतु अत्यंत चतुर आहे: भरतीचें पाणी आलें कीं त्याच्याच दाबानें तिची झांप मिटते, ओहोटी लागली कीं आंतील पावसाच्या पाण्याच्या दाबानें ती उघडते. शंभर इंचांहून अधिक पडणारा कोंकणचा पाऊस मग त्या जमिनीचा क्षार धुऊं लागतो. कांहीं पावसाळे गेले म्हणजे तेथें खाऱ्या जमिनीस सोसणारें तांबडें भात येतें. या भातास नांगर नको व खतही नको. भिजवून मोड आणलेलें बीं चिखलांत फेंकलें कीं झालें. वाचकांनीं येथें थांबून लक्ष द्यावें. खत नको म्हणजे राब नको, राब नको म्हणजे डोंगर नको. जी मर्यादा गोड्या शेतास डोंगर घालतो, तिच्यांतून खारें शेत मुक्त आहे.

मग त्यास मर्यादा कोणती? बांध. खेंकडे व उंदीर तो पोखरतात; अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वारा मिळाला कीं जेथें पोकळ असेल तेथें तो फुटतो. यास खांड पडणें म्हणतात. खांड पडल्यावर पुढची भरती यावयास अवघा सहा तासांचा अवधि असतो. तेवढ्यांत माती, पेंढा, दगड, मेढी आणून ती बुजविली तर शेत वांचलें. न बुजविली तर प्रत्येक भरती ती रुंद करीत जाते, आंत खारें पाणी खेळतें, आणि पुनः क्षार धुण्यास कित्येक पावसाळे घालवावे लागतात. हें काम पैशानें होत नाहीं, कारण सहा तासांत पैशानें माणसें आणतां येत नाहींत. माणसें तेथेंच असावीं लागतात, पुष्कळ असावीं लागतात, आणि एका हांकेसरशीं यावीं लागतात. कौटिल्याचीं शंभर कुळें येथें आठवावीं. त्याच्या ध्यानांत बांध नव्हता, चोर व शत्रु होते; तथापि एका ठराविक संख्येखालीं गांव आपलें रक्षण करूं शकत नाहीं, हें तत्त्व तेंच.

ही व्यवस्था चालविण्यासाठीं आपल्या पूर्वजांनीं जे प्रकार बसविले ते कागदपत्रांच्या अभ्यासकांस विशेष उपयोगाचे आहेत. कांहीं खारांस शिलोत्री म्हणत. तेथें ज्यानें मूळ खार बांधला तो शिलोत्री. बाहेरचा बांध राखणें हें त्याचें काम, व त्याबद्दल लागवड करणाऱ्या कुळांकडून बिघ्यास एक मण भात हा त्याचा हक्क. दुसऱ्या प्रकारास कुलारग म्हणत. तेथें कुळेंच एकत्र होऊन बांध राखीत. पहिल्यांत एक माणूस जबाबदार, दुसऱ्यांत सर्व. बिघा म्हणजे किती, हें सभासदाच्या बखरींत दिलें आहे: पांच हात पांच मुठींच्या काठीनें वीस काठ्या लांब व वीस रुंद. अशा एकशें वीस बिघ्यांचा चावर. पडीत वा खाजण जमीन लागवडीस आणणारास राजसत्तेनें कौल द्यावा, कांहीं वर्षें सारा माफ करावा, व पुढें दरसाल थोडाथोडा चढवीत पुऱ्या आकारास आणावा, ही इस्तावा पद्धति मराठी राज्यांत रूढ होती. नव्या जमिनीवर माणूस टिकेपर्यंत त्यास ओझें वाटूं नये, हा तिचा हेतु.

या भूमीनें पूर्वीं स्वतःच्या माणसांपेक्षां अधिक माणसें पोसलीं आहेत. १६७४ त हेन्री ऑक्झिंडन राज्याभिषेकाच्या वेळीं रायगडास गेला, तो चौलाहून पाण्याच्या वाटेनें अष्टमीस उतरून. ही अष्टमी म्हणजे रोह्यास लागून असलेलें गांव. पुढें मुंबईची वस्ती वाढली (१८७२ च्या शिरगणतींत ती ६,४४,४०५ होती), तेव्हां तिला धान्य पुरविणारी मोठी पेठ म्हणून रोह्याची ख्याति झाली. पेणचा माल अंतोऱ्याच्या बंदरांतून जाई, आणि भाताच्या जोडीस मिठागरांचें मीठ असे. म्हणजे मैलास अडीचशें माणसें असतांनाही धान्य उरत होतें. शिरगणतीच्या कोष्टकांत हें उरलेलें धान्य दिसत नाहीं. म्हणूनच केवळ त्या कोष्टकावरून भूमीच्या शक्तीचा अजमास करणें हें गलबताचा तांडेल मोजून माल सांगण्यासारखें आहे.

विसाव्या शतकांत काय झालें तें थोडक्यांत सांगतों. शिलोत्री मणाची पद्धति निर्दोष होती असें माझें म्हणणें नाहीं. बांधाकडे न पाहतां मण मात्र घरीं नेणारे हक्कदार कोणत्या काळीं नसतात? शेजारच्या अलिबाग तालुक्यांत चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप केला, तो निष्कारण नव्हता. १९४८ त खारजमिनींविषयीं मुंबई सरकारचा पहिला स्वतंत्र कायदा झाला. १९५५ त कुलाबा जिल्ह्यांतील शिलोत्री हक्क कायद्यानेंच रद्द झाले, आणि १ एप्रिल १९५७ रोजीं कूळ जमिनीचें मालक ठरलें. न्याय झाला. परंतु बिघ्यास मण घेणारा गेला तेव्हां बांध कोणी राखावा याचें उत्तर कायद्यांत जितकें स्पष्ट होतें तितकें चिखलांत राहिलें नाहीं. १९७९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें हें काम सरकारी खात्याकडे आलें. सरकारी खातें बांध उत्तम बांधूं शकतें, परंतु अंदाजपत्रक सहा तासांत मंजूर होत नाहीं.

त्याच काळांत अभिष्यंदवमन सुरू झालें. खारेपाटांतील तरुण मुंबईस, पुढें पनवेल व नव्या मुंबईस, कामास गेले. त्यांस दोष देणें अन्यायाचें आहे. एका पिकाच्या तांबड्या भातावर वाढतीं कुटुंबें कशीं चालावीं? पण पात्र भरून वाहण्यापूर्वींच त्याचें वमन झालें. गांवांत म्हातारीं माणसें राहिलीं, खांड पडली तरी हांकेस येणारे हात कमी झाले, आणि अनेक खारांत पाणी शिरून तेथें तिवरें उभीं राहिलीं. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांची तोड थांबविण्याचा आदेश दिला. त्यामुळें एकदां तिवरांखालीं गेलेलें शेत परत मिळविणें कठीण झालें. कोळ्यास विचाराल तर तो हें वाईट झालें असें म्हणणार नाहीं. तिवरांच्या मुळांत माशांचीं पिलें वाढतात, कोलंबी व चिंबोऱ्या मिळतात. पहिला खार बांधला गेला तेव्हां माणसांची धारणाशक्ति वाढली व माशांची घटली. आज उलट घडत आहे. एकाच भूमीची शक्ति कोणासाठीं मोजावयाची हें आधीं ठरविल्याविना आंकडा देतां येत नाहीं, ही गोष्ट जीवशास्त्रज्ञांपेक्षां आगरी व कोळी यांस अधिक चांगली ठाऊक आहे.

येथें आक्षेप निघेल कीं, खार बुडत असतां वस्ती तिप्पट कशी झाली? उत्तर सोपें आहे. या तालुक्यांचें पोषण आतां येथील भूमि करीत नाहीं. रोह्याजवळ धाटाव येथें रसायनांचे कारखाने आले. त्यांनीं पगार दिले, आणि कुंडलिकेचें पाणी नासविलें. पेण व त्याजवळच्या हमरापूर, जोहें या गांवांत गणपतीच्या मूर्ती घडवून सहस्रावधि माणसें पोट भरतात. आणि पाण्याची देवघेव तर विलक्षणच. मुळशीच्या खोऱ्यांत टाटांचें धरण होऊं लागलें तेव्हां सेनापति बापटांनीं १९२१ पासून सत्याग्रह केला. तरी धरण झालें, आणि १९२७ त भिरें येथील वीजगृह सुरू झालें. वीज काढून सोडलेलें तें पाणी कुंडलिकेंत येतें, व कोलाडजवळ डोलवहाळ येथें अडवून कालव्यांनीं शेतांस दिलें जातें. त्यावर रोह्याकडे उन्हाळी भात पिकूं लागलें. घाटावरचीं गांवें बुडून कोंकणांतल्या शेतांस दुसरें पीक मिळालें. पेणची कथा याच्या उलट: हेटवणें धरणाचें पाणी नव्या मुंबईच्या वस्तीस पुरविलें जातें. २१ सप्टेंबर २००८ रोजीं विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर पेण तालुक्यांतील बावीस गांवांत मतें घेण्यांत आलीं, तेव्हां आमची जमीन या धरणाच्या लाभक्षेत्रांतली आहे, हाच शेतकऱ्यांच्या म्हणण्याचा एक मोठा आधार होता. तालुक्याची शीव आणि त्याच्या धारणाशक्तीची शीव आतां एक राहिलेली नाहीं.

तरी जुन्या काळापुरती ती एक होती, आणि ती किती होती हें काढण्याचें साधन आपल्या हातांत आहे. तें कोष्टकांत नाहीं, दप्तरांत आहे. पेण, रोहें, अष्टमी व नागोठणें येथील जुन्या घरांत शिलोत्री हक्काचे हिशेब असावयाचेच. संग्राहक बहुधा मोडी कागदाच्या गठ्ठ्यांतून सनद किंवा राजपत्र तेवढें उचलतात व भाताच्या यादीस रद्दी समजतात. पण हा हक्क बिघ्यास मण असल्यामुळें त्याच्या वसुलीच्या यादींत एका अंगास कुळाचें नांव व दुसऱ्या अंगास भाताचे मण असणें अपरिहार्य आहे. जितके मण तितके बिघे. जितकीं नांवें तितकीं कुळें. म्हणजे ज्या काळीं शिरगणती नव्हती त्या काळचें, एका खारावर किती कुळें पोसलीं जात व किती कुळें बांध राखीत, याचें मान एका पानावर मिळतें. एकाच खाराच्या निरनिराळ्या सालांच्या याद्या मिळाल्या तर खांड केव्हां पडली तेंही कळेल, कारण त्या सालीं मण घटलेले असतील. आणि कुळांचीं नांवें आधीं घटलीं कीं मण आधीं घटले, हें पाहिलें म्हणजे वस्ती गेली म्हणून बांध फुटला कीं बांध फुटला म्हणून वस्ती गेली, याचाही निकाल लागेल. कौलांचे व इस्ताव्याचे कागद याच दृष्टीनें तपासावेत. अशा याद्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं निदान खाराचें नांव, साल, नांवांची संख्या व मणांची बेरीज एवढ्या चार गोष्टी उतरून या पत्रिकेकडे पाठवाव्यात. मूळ कागद त्यांनीं आपल्याजवळच ठेवावा.